वाचकांचे प्रश्न : रिळांचा अभ्यास आणि पुराचं पाणी

प्रश्न : रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे. जुने चित्रपट जतन करण्याचं शिक्षण घ्यायचं आहे. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : रसायनशास्त्र ही तुमची मोठी जमेची बाजू. १९५०च्या सुमारापर्यंत ३५ मिलिमीटर फिल्मचा पाया, म्हणजे चित्राचा थर पेलणारी पारदर्शक पट्टी, बहुधा सेल्युलोज नायट्रेटचा असे. तो पेटला की स्वतःच ऑक्सिजन पुरवतो, म्हणून पाण्याखालीही विझत नाही. नंतरचं ॲसिटेट असं पेटत नाही. पण ओल आणि उष्णता मिळाली की त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देतं.

परदेशात ॲमस्टरडॅम आणि न्यूयॉर्क विद्यापीठांत या विषयाचं दोन वर्षांचं एम.ए. आहे. अमेरिकेत रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन म्युझियममध्ये १९९६पासून चित्रपट जतन शिकवणारं सेल्झनिक स्कूल चालतं. एवढा खर्च करण्याआधी मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनची कार्यशाळा करा. २०१५पासून 'फियाफ' या चित्रपट संग्रहालयांच्या जागतिक महासंघाच्या साथीने त्या भरतात आणि तिथे फिल्म प्रत्यक्ष हाताळायला मिळते. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. साताऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं.

घरीही हात बसवता येतो. भंगारातली १६ मिलिमीटरची प्रिंट, दोन रिवाइंडर, लाइट बॉक्स, भिंग आणि फिल्म जोडायचा स्प्लायसर एवढं पुरे. ४०० फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने ११ मिनिटं चालतं. त्यातले जोड, फाटलेली छिद्रं, ओरखडे फुटाच्या आकड्यासह वहीत उतरवा. कोडक फिल्मच्या कडेला चौकोन, त्रिकोण, वर्तुळ अशा वर्षाच्या खुणा असतात. इथे नवखे हमखास फसतात : त्याच खुणा साधारण वीस वर्षांनी पुन्हा येतात, शिवाय निगेटिव्हवरची खूणही प्रिंटवर छापून येते.

दाखवणं हा या अभ्यासाचा अर्धा भाग आहे. १८ फ्रेमचा तासाभराचा मूकपट २४ने चालवला तर ४५ मिनिटांत संपतो आणि माणसं पळत सुटल्यासारखी दिसतात. जुन्या बोलपटाची चौकट आजच्या रुंद पडद्याची रुंदी भरेल इतकी मोठी केली की वरखालचा जवळपास पाव भाग कापला जातो. हे चालवून घेऊ नये. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.

प्रश्न : २०१९ आणि २०२१च्या पुरात घरात पाणी होतं. पुन्हा तशी वेळ आली तर लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट आणि वडिलांची १६ मिलिमीटरची रिळं कशी वाचवायची? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्हींचे उपाय उलट आहेत. रीळ वाळू द्यायचं नाही, कॅसेट मात्र वाळवायची.

फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं. भिजल्यावर तो फुगतो. रीळ तसंच वाळलं तर वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि उलगडताना चित्र सोलून निघतं. म्हणून रीळ स्वच्छ थंड पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवा, पाणी बदलत राहा आणि दोन-तीन दिवसांत फिल्म धुणाऱ्या लॅबपर्यंत पोचवा. कोमट पाणी नको, त्याने जिलेटिन आणखी मऊ होतं.

ओली कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप फिरत्या ड्रमला चिकटून तुटते. आधी लेबलचा फोटो काढा. खालचे पाच स्क्रू सोडवा, टेपची वाट कशी आहे त्याचाही फोटो घ्या, मग टेप गुंडाळलेल्या चकत्या बाहेर काढून डिस्टिल्ड वॉटरने गाळ धुवा. पंख्याच्या हलक्या वाऱ्यात, सावलीत वाळवा. ऊन किंवा हेअर ड्रायर लावला तर टेप कायमची वाकते. पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवून लगेच डिजिटल प्रत करून घ्या. दहा बिटच्या, न दाबलेल्या (अनकम्प्रेस्ड) फाइलला तासाला शंभर जीबीच्या आसपास जागा लागते. एफएफव्ही१ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीने गुणवत्ता न गमावता ती बरीच कमी होते. तीन प्रती ठेवा, त्यातली एक पूरपट्ट्याबाहेरच्या नातेवाइकांकडे. मूळ कॅसेट टाकू नका.

प्रश्न : गावोगावच्या जत्रांत तंबूत दाखवलेल्या १६ मिलिमीटरच्या प्रिंट पत्र्याच्या डब्यात आहेत. आंबूस वास येतो. प्रोजेक्टरवर चालवू का? (एक वाचक, विटा)

उत्तर : आधी मोजा. फिल्म न ताणता सपाट ठेवा आणि शंभर फ्रेमची लांबी पाहा. ती ७६२ मिलिमीटर हवी. ७५४ किंवा कमी भरली तर फिल्म एक टक्का आकसली आहे. मग प्रोजेक्टरचे दाते छिद्रांत नीट बसत नाहीत आणि रीळभर छिद्रं फाटत जातात. अशी फिल्म दात्यांशिवाय चालणाऱ्या स्कॅनरवरच द्यावी. वासाची रिळं आजच बाकीच्यांपासून वेगळी करा आणि झरोके असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात हलवा. हा वास ॲसिटेटमधून सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लाचा, आणि बंद पत्र्यात ते कोंडतं. किती बिघडलंय ते ए-डी पट्टीने कळतं : डब्यात २४ तास ठेवली की निळी पट्टी आम्लाप्रमाणे हिरवी, मग पिवळी होते. पिवळी झालेली रिळं स्कॅनिंगला सगळ्यात आधी पाठवा.