टुटूवरचा प्रकल्प : 'आग वगळा, फॅशनवर लिहा' म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं

तुझी पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. (शेवटच्या वर्षाला आहेस म्हणजे माझ्याहून बरीच लहान, म्हणून एकेरीत लिहितेय.) 'बॅलेचा टुटू (नर्तकीचा जाळीच्या थरांचा फुगीर स्कर्ट) आणि त्याचा फॅशनवरचा प्रभाव' हा विषय घेतलास आणि विभागाने 'जाळीचं कापड, शिवण, आगीचे अपघात हे काढा, फक्त प्रभावावर लिहा' असा शेरा मारून सिनॉप्सिस परत पाठवला. त्यात नमुन्याचा टुटू उभाच राहत नाही, पाण्यात भिजल्यासारखा खाली लोंबतो. माझ्याही वाट्याला हे दोन्ही जसंच्या तसं आलं होतं.

आधीच सांगते, मी नाचणारी नाही. रंगमंचाचे कपडे शिवते, त्यामुळे नृत्याच्या अंगाने काही चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं. रोमँटिक (पोटरीपर्यंतचा, घंटेसारखा) आणि क्लासिकल (आखूड, आडवा पसरलेला) टुटूतला फरक तुला ठाऊक असणार, त्यात शिरत नाही.

मला सगळ्यात महाग पडला तो आमच्या संस्थेचा प्रकल्प विभाग. संस्थेचं नाव घेत नाही. माझ्या सिनॉप्सिसमध्ये स्कर्ट पेटून मेलेल्या एमा लिव्हरी या नर्तकीवर एक आख्खं प्रकरण होतं. 'हा अपघाताचा विषय झाला, फॅशनचा नाही' असं तोंडी सांगून कागद परत आला. लेखी द्या म्हटलं तर हे टेबल त्या टेबलाकडे बोट दाखवायचं. एक म्हणे मार्गदर्शकांना विचारा, मार्गदर्शक म्हणत विभागाचा नियम आहे, आणि नियम कुठे लिहिलाय हे कुणीच दाखवेना. सबंध सत्र त्यात गेलं. शेवटी ते प्रकरण गेलं आणि त्या जागी तारकांच्या फोटोंची पानं आली. आज इतक्या वर्षांनीही मला त्याचा संताप येतो, कारण टुटूचा फॅशनशी खरा सांधा त्याच प्रकरणात होता.

एमा लिव्हरी ही नामांकित बॅले नर्तकी मारी टाल्योनीची शिष्या, पॅरिस ऑपेराची नर्तकी. १५ नोव्हेंबर १८६२ ला रंगीत तालमीच्या वेळी तिचा स्कर्ट गॅसच्या दिव्याला लागला. आठ महिने यातना सोसून २६ जुलै १८६३ ला ती गेली, वय अवघं वीस. रंगमंचाचे कपडे आगरोधक करून घ्यायचा हुकूम फ्रान्समध्ये १८५९ मध्येच निघाला होता. तुरटी, टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात कापड बुडवायचं, अशी ती रीत. पण त्याने मलमल ताठ आणि मळकट दिसे, म्हणून लिव्हरीने तसा स्कर्ट घालायला लेखी नकार दिला होता. त्या पोशाखाच्या उरलेल्या जळक्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या संग्रहात अजून जपलेल्या आहेत.

आता हे फॅशन कसं नाही? त्याच वर्षांत रस्त्यावरच्या बायका पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनवर (झगा फुगवणारा आतला सांगाडा) तसलंच हलकं, हवा खेळणारं कापड घालत होत्या आणि घरातल्या शेकोटीपाशी, मेणबत्तीपाशी जळत होत्या. कवी लाँगफेलोची बायको १८६१ मध्ये अशीच गेली. घेर तोच, कापडही त्याच जातीचं. नर्तकीचा स्कर्ट आणि घरंदाज बाईचा झगा एकाच कारणाने पेटत असतील, तर याहून घट्ट नातं प्रबंधात दुसरं कुठलं दाखवणार?

बाकीचा इतिहासही याच दोन धाग्यांवर ओवता येतो : कापड आणि उजेड. जॉन हीथकोटने इंग्लंडात १८०८-०९ च्या सुमारास यंत्रावर जाळी विणायचं तंत्र काढलं, त्याआधी ती हाताने विणली जायची आणि श्रीमंतांनाच परवडायची. १८१६ मध्ये यंत्रं फोडणाऱ्या कामगारांनी त्याच्या लफबरोच्या कारखान्यावर हल्ला केला, मग त्याने तो डेव्हनमधल्या टिव्हर्टनला हलवला. पॅरिस ऑपेरात गॅसचे दिवे आले १८२२ मध्ये. आणि १२ मार्च १८३२ ला 'ला सिल्फीद' या बॅलेमध्ये टाल्योनी पांढऱ्या, पोटरीपर्यंतच्या घंटेच्या आकाराच्या स्कर्टमध्ये आली. 'टाल्योनीने टुटू शोधून काढला' हे सगळीकडे छापतात, तू लिहू नकोस. उघडे खांदे, घट्ट चोळी, फुगीर घेर ही त्या काळच्या संध्याकाळच्या झग्याचीच ठेवण होती. रंगमंचाने ती आधी फॅशनकडून घेतली, पांढरी केली आणि आखूड केली. देवाणघेवाण पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी आहे, आणि 'प्रभाव' हा शब्द एकाच दिशेने वापरला की प्रबंध तिथेच कच्चा राहतो.

पुढे स्कर्ट वर सरकला तो पायांमुळे. इटालियन नर्तकी सेंट पीटर्सबर्गला गेल्या, गिरक्या वाढल्या. १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये पिएरिना लेन्यानीने सलग ३२ फुएते (एका पायावरच्या झपाट्याच्या गिरक्या) घेतले. ते पाय पोटरीपर्यंतच्या घेरात कुणाला दिसले असते?

आता तुझा लोंबणारा नमुना. फोटो नाही, त्यामुळे अंदाजाने सांगते. तू नवरीच्या ओढणीची मऊ नेट घेतली असावीस. दुकानात मूठभर जाळी चुरगाळून सोड. झटकन उघडली तर घे, चुरगळलेली राहिली तर कितीही स्वस्त असली तरी नको. दुसरी शंका, सगळे थर तू कंबरपट्टीला जोडलेस. क्लासिकल टुटूत कंबरेपासून नितंबांपर्यंत सपाट पट्टा येतो आणि थर त्याखाली निकरवर लावतात, खालून वर. मांडीपाशी सगळ्यात आखूड झालर, बोट-दोन बोटं लांबीची, मग प्रत्येक वरचा थर थोडा लांब. असे दहा-बारा थर. खालचे आखूड थर वरच्या लांब थरांना उचलून धरतात. मग सगळे थर एकमेकांना हाताने सैल टाके घालून बांधायचे. टाका ओढलास तर वर खळगा दिसतो, म्हणून दोऱ्याला ढील ठेव. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून टुटू होत नाही.

घेर आडवा धरायला थरांत तारेचं कडं घालतात, पण ते घालायचंच असा हट्ट नको. पोशाखकार कारिन्स्काने न्यूयॉर्कमध्ये १९५० मध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिनच्या 'सिंफनी इन सी' या बॅलेसाठी तारेविना टुटू केला. तारेचे टुटू गर्दीत एकमेकांना लागले की एका बाजूने खाली आणि दुसऱ्या बाजूने वर डोलतात. तिने थर कमी केले, लांबी कमीजास्त ठेवली आणि टाके सैल घातले. मला विचारशील तर तुझ्या फॅशनच्या प्रकरणाला हाच टुटू जास्त उपयोगी आहे, कारण पुढच्या जाळीदार स्कर्टांची पडण तारेच्या टुटूपेक्षा याच्याशी जुळते.

जाता जाता : लेहंग्याखालचा कॅनकॅन शिवतानाही हीच युक्ती वापर. सगळ्या झालरी एकाच कंबरशिवणीत कोंबल्या की कंबर जाड दिसते. त्या खाली टप्प्याटप्प्याने जोड आणि आतून सुती अस्तर लाव, म्हणजे टोचणार नाही.

विसाव्या शतकासाठी फार उदाहरणं गोळा करू नकोस. १९५६ मध्ये बॅलेचे बूट करणाऱ्या रोझ रेपेटोने फ्रेंच नटी ब्रिजित बार्दोसाठी केलेले बॅलेच्या धर्तीचे सपाट बूट, १९९८ च्या 'सेक्स अँड द सिटी' या अमेरिकन मालिकेच्या सुरुवातीचा नायिका कॅरीचा टुटू (मालिकेची पोशाखकार पॅट्रिशिया फील्डला तो पाच डॉलरच्या ढिगात मिळाला होता), गायिका ब्यॉर्कचा २००१ च्या ऑस्करचा हंसाचा झगा. एवढी पुरेत. प्रत्येकात कापड कुठलं आणि घेर कशावर उभा आहे ते लिही, ते कुणीच लिहीत नाही.

'भारतीय संदर्भ घाला' असंही तुला सांगितलंय. ओढूनताणून नको. एक खरा दुवा आहे : १९२३ मध्ये लंडनला रशियन बॅले नर्तकी अ‍ॅना पावलोव्हाबरोबर भारतीय नर्तक उदय शंकर राधा-कृष्णाच्या नृत्यात उतरले. पण त्यात टुटूचा काही संबंध नाही, तेव्हा तळटीपेत घालून मोकळी हो.

सिनॉप्सिस परत देताना प्रकरणाचं नाव बदल : 'ज्वलनशील कापड आणि एकोणिसाव्या शतकातली स्त्रियांची फॅशन'. लिव्हरी आणि लाँगफेलोची बायको शेजारी शेजारी ठेव. सोबत अर्ज दे, त्याची पोच शिक्क्यासह घे आणि नकार असेल तर लेखीच माग. तुमच्याकडे नियम वेगळे असू शकतात, सीनिअर्सना विचारून घे. आणि इथे जाळीचा जवळून काढलेला फोटो टाक, थर कुठे जोडलेत ते दिसेल असा आतल्या बाजूचाही एक.