वाचक विचारतात : मतदार यादी आणि नागरिकत्वाचा पुरावा

मतदार नोंदणीबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच धास्ती आहे : ‘नागरिकत्वाचा पुरावा मागितला तर काय दाखवायचं?’ निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मुलीला अठरा पूर्ण झाली. नमुना ६ (नव्या मतदाराचा नोंदणी अर्ज) भरायला बसलो, तर वयाचा आणि पत्त्याचा पुरावा जोडायला जागा आहे, नागरिकत्वाच्या पुराव्याला नाही. सेवा केंद्रवाला म्हणतो, ‘अधिवास दाखला काढून आणा, नाहीतर अर्ज परत येईल.’ खरे काय? (एक वाचक, बार्शी)

अधिवास दाखल्याची गरज नाही. नमुना ६ मध्ये नागरिकत्व प्रतिज्ञापनावर चालते. अर्जाच्या शेवटी ‘मी भारताचा नागरिक आहे आणि माझे जन्मस्थान अमुक गाव, अमुक जिल्हा, अमुक राज्य’ असे लिहून सही करायची असते. ते खोटे निघाले तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कागद मागतात ते दोनच गोष्टींसाठी.

वयासाठी जन्म दाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, जन्मतारीख असलेले दहावी किंवा बारावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट यांपैकी एक. पत्त्यासाठी आधार, बँकेचे किंवा पोस्टाचे चालू पासबुक, पासपोर्ट, त्या पत्त्यावरचे निदान वर्षभराचे पाणी, वीज किंवा गॅसचे बिल, जमिनीचा महसुली उतारा, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत यांपैकी एक. पत्त्याचा कागद मुलीच्याच नावाचा हवा असे नाही. त्याच पत्त्यावर मतदार असलेल्या आई किंवा वडिलांच्या नावाचा चालतो.

चुका होतात त्या जन्मस्थानाच्या रकान्यात. मुलगी जन्मली आजोळी, जन्म दाखला तिथल्या नगरपालिकेचा, आणि अर्जात मात्र राहते गाव लिहिले जाते. आज कोणी हटकणार नाही, पण नागरिकत्वाबद्दल तिने सही करून दिलेले हेच एक निवेदन सरकारदरबारी राहणार आहे. ते दाखल्याशी अक्षरशः जुळले पाहिजे. तेव्हा दाखला समोर ठेवूनच तो रकाना भरा.

बाकी अर्ज फेटाळले जातात ते साध्या कारणांनी. फोटो ४.५ × ३.५ सेंमीचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा नसतो. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पडताळणीला येतात तेव्हा दाराला कुलूप असते. ‘माझे नाव अन्य कोणत्याही यादीत नाही’ असे लिहून दिलेले असते आणि नाव आधीच दुसरीकडे निघते. अर्ज आल्यावर हरकतींसाठी सात दिवस सोडावे लागतात, म्हणून आठवडाभरात नाव दिसले नाही तर घाबरू नका. अर्हता दिनांक, म्हणजे ज्या दिवशी अठरा पूर्ण असायला हवीत तो दिवस, आता वर्षातून चार आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. मात्र एखादी निवडणूक लागली, की उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीच्या यादीत नाव घालता येत नाही आणि काढताही येत नाही. अर्ज तपासायला वेळ लागतो, म्हणून त्याच्या दहा-बारा दिवस आधी तरी अर्ज आत गेलेला हवा.

प्रश्न : आधार, पॅन, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, सगळे आहे. एवढ्यावर नागरिकत्व सिद्ध होत नाही का? (एक वाचक, नांदेड)

नाही. आधार अधिनियम, २०१६ च्या कलम ९ मध्येच लिहिले आहे, की आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. कारण साधे आहे. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळते. पॅन परदेशी नागरिकही काढतो. रेशनकार्ड धान्यासाठी आहे. मतदार ओळखपत्राचे वजन थोडे वेगळे आहे, त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात येईल.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘राष्ट्रीयत्व : भारतीय’ असा रकाना असतो आणि पुष्कळांची भिस्त त्याच्यावर असते. पण प्रवेशाच्या दिवशी पालकांनी जे सांगितले तेच गुरुजींनी तिथे उतरवलेले असते. त्या दाखल्याचा खरा उपयोग जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांसाठी.

जन्माने भारतीय असलेल्याला सरकार ‘नागरिकत्व प्रमाणपत्र’ देत नाही. ते मिळते नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिक झालेल्यांना. आपल्यापैकी बहुतेकांचे नागरिकत्व जन्म कुठे झाला, केव्हा झाला आणि आई-वडील कोण, यावर उभे असते. म्हणून कागदही त्या तीन गोष्टींचेच जमवायचे.

प्रश्न : माझा जन्म १९८९ चा, घरी झालेला. जन्म दाखला नाही. शेजारच्या राज्यांत ‘एसआयआर’मध्ये आई-वडिलांचे कागद मागितले असे ऐकतो. आधीच काय जमवून ठेवू? (एक वाचक, परभणी)

एसआयआर म्हणजे यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण. नेहमीच्या नोंदणीपेक्षा ते वेगळे आहे. त्याचा आदेश बिहारसाठी २४ जून २०२५ रोजी निघाला. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश होते. गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हे आपले शेजारी त्यात आले. महाराष्ट्र त्या टप्प्यात नव्हता.

बिहारच्या आदेशात मतदारांचे जन्मतारखेनुसार तीन गट केले होते आणि ते नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ३ वरून घेतलेले आहेत. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला फक्त स्वतःच्या जन्माचा कागद. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात जन्मलेल्याला स्वतःचा आणि आई किंवा वडील यांपैकी एकाचा. त्यानंतर जन्मलेल्याला स्वतःचा आणि आई-वडील दोघांचाही. तुम्ही मधल्या गटात बसता, आणि बार्शीच्या वाचकांची मुलगी तिसऱ्या.

या कटकटीतून सुटण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुनी मतदार यादी. बिहारमध्ये २००३ च्या यादीत ज्यांचे नाव होते त्यांना त्या पानाच्या प्रतीशिवाय दुसरा कागद द्यावा लागला नाही. ज्यांच्या आई-वडिलांचे नाव तिथे होते त्यांना आई-वडिलांचा वेगळा पुरावा लागला नाही, फक्त स्वतःचा द्यावा लागला. तेव्हा पहिले काम हे करा : मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर जुन्या याद्या पाहा, आई-वडिलांचे नाव शोधा आणि विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. शोधताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. २००८ मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली, त्यामुळे तुमचे गाव जुन्या यादीत भलत्याच मतदारसंघात सापडेल. आणि आईचे नाव माहेरच्या यादीत नाही, सासरच्या नावाने शोधा.

स्वतःसाठी त्या आदेशातले अकरा कागद असे : सरकारी कर्मचाऱ्याचे किंवा निवृत्तिवेतनधारकाचे ओळखपत्र वा पेन्शन आदेश, १ जुलै १९८७ पूर्वी सरकार, स्थानिक संस्था, बँक, पोस्ट, एलआयसी किंवा सार्वजनिक उपक्रमाने दिलेला कोणताही कागद, जन्म दाखला, पासपोर्ट, मान्यताप्राप्त मंडळाचे किंवा विद्यापीठाचे शैक्षणिक प्रमाणपत्र, कायम रहिवासी दाखला, वनहक्क प्रमाणपत्र, जात प्रमाणपत्र, असेल तिथे राष्ट्रीय नागरिक नोंदवही, स्थानिक संस्थेची कुटुंब नोंदवही, आणि सरकारने दिलेले जमीन किंवा घर वाटपपत्र. ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधारला बारावे स्थान दिले. तेही ओळखीपुरते, नागरिकत्वासाठी नाही, असे स्पष्ट सांगून.

तुमचे दहावीचे प्रमाणपत्र असेल तर निम्मे काम झालेच आहे. ते अकरांपैकीच एक आहे. वडिलांसाठी १९८७ पूर्वीचे पासबुक, एलआयसीची पॉलिसी, कूळकायद्यातला आदेश असे काहीही चालू शकते. जुनी ट्रंक एकदा उपसाच. नाहीच मिळाले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात, तिची नक्कल मागा. नकलेच्या अर्जात गाव आणि अंदाजे दोन-तीन वर्षांची मुदत द्या. बाळाचे नाव तिथे सहसा नसतेच, ‘अमक्यास मुलगा’ एवढेच असते. म्हणून बाळाच्या वडिलांच्या आणि आजोबांच्या नावाने नोंद ओळखावी लागते. कोतवाल बुकात नसेल तर वडिलांच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. मूळ दाखला हरवला तरी रजिस्टर शाळेत असते आणि मुख्याध्यापक सही-शिक्क्यानिशी उतारा देतात.

जन्माची उशिरा नोंद करणे हा शेवटचा उपाय. एक वर्ष उलटून गेले असेल तर निबंधकाकडून ‘नोंद आढळत नाही’ असे प्रमाणपत्र घ्यायचे, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, मग नोंद. महाराष्ट्रात २०२५ पासून अशा उशिराच्या नोंदींची छाननी फार कडक झाली आहे. शाळेचा कागद हातात असताना केवळ भीतीपोटी या वाटेला जाऊ नये. यादी तपासली जात असताना काढलेला ताजा दाखला संशयच वाढवतो.

प्रश्न : माझे सर्व कागद माहेरच्या नावाचे, मतदार यादीत सासरचे. (एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

विवाह नोंदणी प्रमाणपत्र दोन्ही नावांना जोडते. ते नसेल तर आधी ते करून घ्या. राजपत्रातला नावबदल असेल तर तोही चालतो. यादीतले स्पेलिंग किंवा वडील-पतीचे नाव चुकले असेल तर नमुना ८. पत्ता बदलणे आणि नवे ओळखपत्र मागणे हेही आता त्याच नमुन्यात आहे. नव्याने नमुना ६ भरू नका, नाव दुबार होईल.

प्रश्न : माझी पत्नी नेपाळची. लग्नाला दहा वर्षे झाली, आधार आणि पॅन आहे. नमुना ६ भरून टाका असे ओळखीचे सांगतात. (एक वाचक, पिंपरी)

भरू नका. भारतीयाशी लग्न केल्याने नागरिकत्व आपोआप मिळत नाही, नेपाळी नागरिकालाही नाही. नमुन्यातल्या ‘भारताचा नागरिक आहे’ या ओळीखाली तिने सही केली की वर सांगितलेले कलम ३१ तिला लागू होते, आणि पुढे रीतसर अर्ज करताना तीच सही आडवी येते.

रीत अशी. नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ५(१)(क) खाली, म्हणजे भारतीयाशी विवाह केलेल्यांच्या तरतुदीखाली, नोंदणीसाठी गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज करायचा. तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पुढे जातो. अट सात वर्षांच्या वास्तव्याची आहे, पण ती मोजण्याची पद्धत नीट पाहा : अर्जाच्या लगतचे बारा महिने सलग भारतात आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून निदान सहा वर्षे. माहेरी जाऊन-येऊन असेल तर या सलग बारा महिन्यांवरच अर्ज अडतो. प्रमाणपत्र हाती आल्यावर नमुना ६ भरा आणि जन्मस्थानात नेपाळमधले गावच लिहा. मुलांची चिंता नको. वडील भारतीय आणि आई बेकायदा स्थलांतरित नाही, एवढ्यावर भारतात जन्मलेली मुले भारतीयच.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत आहे. त्याचे नाव यादीत ठेवता येईल का? (एक वाचक, नाशिक)

ग्रीन कार्ड असेल तर तो अजून भारतीयच आहे. नमुना ६अ भरून पासपोर्टमधल्या भारतातील पत्त्यावर नाव नोंदवता येते. मतदानाला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावे लागते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपले. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड) मत नाही. नाव यादीत उरले असेल तर नमुना ७ भरून वगळून घ्या.

प्रश्न : वडील सत्तरीचे. चाळीस वर्षांपूर्वी पश्चिम बंगालमधून आले, तेव्हापासून मतदान करतात. आता कोणीतरी नमुना ७ भरून ‘भारतीय नाहीत’ अशी हरकत घेतली आणि सुनावणीची नोटीस आली. (एक वाचक, भिवंडी)

सुनावणी चुकवू नका. गैरहजर राहिले की हरकतदाराचेच खरे मानले जाण्याची भीती असते.

तुमची बाजू कायद्याने भक्कम आहे. लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवून दिले, की ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे ते घालताना अधिकाऱ्याने पडताळणी केली होती असे धरून चालले पाहिजे. नाव काढायचे तर कारण सांगून नोटीस द्यावी, मतदाराचे सर्व कागद पाहावेत आणि केवळ पोलिसांच्या अहवालावर विसंबू नये. मतदार ओळखपत्राला वजन आहे ते या अर्थाने. आरोप सिद्ध करण्याचा भार हरकत घेणाऱ्यावर असतो.

आधी लेखी अर्ज देऊन नमुना ७ ची आणि त्यासोबतच्या कागदांची प्रत मागा. वडिलांचा जन्म १९८७ पूर्वीचा, म्हणून त्यांचा जन्म भारतात झाला एवढे दाखवणे पुरे. आजोबांची भारतीयता सिद्ध करत बसायची गरज नाही. मूळ गावच्या शाळेचा उतारा, आजोबांच्या नावाची जमिनीची नोंद, तिथल्या जुन्या मतदार यादीचे पान, इथले पहिले पासबुक, गिरणीची किंवा कारखान्याची हजेरी अथवा पीएफचा कागद, जे असेल ते तारखेच्या क्रमाने लावा. मूळ कागद फक्त दाखवा, हातात झेरॉक्सच द्या आणि पोच घ्या. उत्तर तोंडी नको, एका पानाचे लेखी द्या. बंगालमधून कागद यायला वेळ लागणार असेल तर त्याच दिवशी लेखी मुदत मागा.

नाव वगळलेच तर कारणांसह आदेशाची प्रत घ्या. पहिले अपील १५ दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, दुसरे त्यांच्या निर्णयापासून ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय यादीपुरताच असतो. एखाद्याला परदेशी ठरवण्याचा अधिकार त्याला नाही, म्हणून नाव वगळले तरी त्या आदेशाने वडिलांचे नागरिकत्व जात नाही. विधानसभेची हीच यादी महापालिका आणि जिल्हा परिषदेसाठी वापरतात. राज्य निवडणूक आयोगाकडे वेगळी नोंदणी नसते, तेव्हा तिकडे दाद मागण्यात वेळ घालवू नका.