लकी ड्रॉ लागला म्हणून टाइमशेअरच्या प्रेझेंटेशनला बोलावलंय. जावं का?

तुम्ही लिहिलंय की मॉलमध्ये कूपन भरलं होतं आणि आता "तीन रात्रींचं व्हाउचर लागलं, नवरा-बायको दोघंही या" असा फोन आला. टाइमशेअर म्हणजे आज मोठी रक्कम भरून पुढची अनेक वर्षं दरवर्षी काही रात्री रिसॉर्टमध्ये राहायची मेंबरशिप. जायचं तर जा, पण कार्ड आणि चेकबुक घरी ठेवा. दोघांना बोलावतात ते "घरी विचारून सांगतो" म्हणायला जागा उरू नये म्हणून.

आमचं डिसेंबर २०२२ मध्ये झालं. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलचा हॉल, कानठळ्या बसतील अशी गाणी, अन् दर दहा मिनिटांनी कोणीतरी मेंबर झाल्याच्या टाळ्या. आम्ही दोघंही शिक्षक. समोरच्या पोरानं कोऱ्या कागदावर हिशेब मांडला : ३ लाख २० हजार, २५ वर्षं, वर्षाला ७ रात्री, म्हणजे १७५ रात्री. "सर, एका रात्रीचे १८३० पण नाही पडत!" हिने दोनदा विचारलं, आम्हाला सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीतच असते, तेव्हा खोली मिळेल ना? तो म्हणाला, "केव्हाही मॅडम, फक्त एक फोन." त्यानं त्या कागदावर "मे, दिवाळी" लिहून भोवती गोल केला. "ही ऑफर आजच्यापुरतीच" म्हणून अडीच तासांनी मी सही करून कार्ड दिलं. उठताना त्यानं तो कागद घडी घालून स्वतःच्या खिशात टाकला. मी पाहिलं, पण मागितला नाही.

करार कुरिअरनं आला बाराव्या दिवशी. पैसे परत मागायची मुदत १० दिवसांची, तीही पैसे भरल्या तारखेपासून. आमच्या नावावर निघाला सगळ्यात स्वस्त सीझन, म्हणजे पावसाळा धरून उरलेले आठवडे, ज्यात मेही नाही अन् दिवाळीही नाही. खोली दोन मोठ्यांची, आणि घरात आईसकट आम्ही पाच. वर मेंटेनन्स वर्षाला १४ हजार, जा किंवा नका जाऊ, आणि दरवर्षी वाढणार. म्हणजे त्या १८३० वर रात्रीला आणखी २००० आणि ईएमआयचं व्याज वेगळंच. मेंटेनन्स थकला की बुकिंग बंद. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं : तोंडी दिलेलं कोणतंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही.

मी ग्राहक आयोगात जायचं म्हटलं, तर आमचा दादा म्हणाला, "सही तूच केली ना? शिकलेला माणूस तू, वाचलं काहून नाही? आता कोर्टात जाऊन घराण्याचं हसं नको करू." मला तेव्हा लाज वाटली आणि मी गप्प बसलो. तक्रारीची मुदत २ वर्षांची असते. ती गेली. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण द्यावं लागतं, आणि "भाऊ नको म्हणाला" हे कारण नाही.

दादा, तू हे वाचशील म्हणून लिहितो. सही केली म्हणजे सगळं संपलं, हे खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी कराराला "अनुचित करार" असं नाव आहे आणि दिशाभूल करून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. करारात "वाद आमच्याच शहरातल्या कोर्टात" लिहिलं असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. जे माझ्यापासून लपवलं ते मी वाचायचं कसं? करार हातात आला तोच पैसे गेल्यावर. बरोबर प्रश्न हिने विचारला होता, एकदा नाही, दोनदा, आणि तिला खोटं उत्तर मिळालं. हसं व्हायचं असेल तर त्या उत्तर देणाऱ्याचं व्हावं.

सगळेच फसतात असं नाही. आमच्या प्रतापनगरातले एक रिटायर्ड काका दरवर्षी जातात आणि खूश आहेत. त्यांना सुट्टीचं बंधन नाही, अन् माणसं दोनच.

तुम्ही गेलातच तर करार आधी घरी न्यायला मागा आणि तो हिशेबाचा कागद त्याच्या सहीनिशी घ्या. सही झाली असेल तर पैसे परत मागायच्या मुदतीत (आमची १० दिवसांची होती) तशी मागणी ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्हीनं करा. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. फोन केला की तक्रार नंबर मिळतो, तो जपून ठेवा.