वळलेला सुंभ सुटतो का?

प्रश्न : बागेतली सोडणं (नारळावरची जाड, धाग्यांची सालं) वाया जातात म्हणून घरीच सुंभ वळतो. पण हात सोडला की पीळ सुटतो, आणि एका पावसात दोरी कुजते. सोडणं घरच्या विहिरीत भिजवली तर चालतील का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : दोन्ही पेड (दोरीतल्या पिळलेल्या बटा) ज्या दिशेने पिळले त्याच दिशेने ते एकमेकांवर वळले, तर दोरी सुटणारच. काथ्याच्या दोन बटांना उजवा पीळ द्या आणि मग त्या एकमेकींवर डावीकडे वळा. पेडाचा पीळ सुटू पाहतो, तशी दोरी घट्ट होते. पेड सैल सोडताच आपोआप एकमेकांत गुंततील, इतका पीळ आधी हवा. धागा जेमतेम वीतभर, त्यामुळे नवी बट सारखी जोडावी लागते. जुनी चार बोटं उरलेली असतानाच जोडा. दोन्ही पेडांचे जोड एका जागी आले की दोरी नेमकी तिथेच तुटते. काथ्या किंचित ओलसर असला की धागे नीट बसतात.

कुजण्याचं मूळ धाग्यांत अडकलेल्या सोडणाच्या भुशात आहे. तो पाणी धरून ठेवतो. स्वच्छ काथ्या खाऱ्या पाण्यातही चांगला टिकतो.

विहिरीत मात्र सोडणं मुळीच टाकू नका. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, घाण वास सुटतो, पाणी पिण्यालायक राहत नाही. साचलेल्या डबक्यातही सोडणाचा कस (तुरट रस) उतरून साठतो आणि कुजवणाऱ्या जिवाणूंनाच अडवतो. भरती-ओहोटीचं पाणी खेळतं अशी खाडीची कड निवडा. लोक तिथे तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढत असतील तर दुसरी जागा शोधा. दहा-अकरा महिन्यांच्या हिरव्या नारळांची सोडणं जाळ्यात बांधून पाण्याखाली दडपा, वर दगड ठेवा. सहा ते दहा महिने लागतात. मग वरची साल सोलून लाकडी मोगरीने ठोका, भुसा जाईपर्यंत धुवा, सावलीत वाळवा. हजार सोडणांतून साधारण ८० किलो काथ्या निघतो. सुक्या नारळाचा काथ्या राठ असतो. पायपुसण्याला उत्तम, बारीक सुंभाला नाही.

प्रश्न : विहिरीतून पाणी काढायच्या पोहऱ्याला सुंभाचा दोर बरा की नायलॉनचा?
– एक वाचक, देवगड

उत्तर : त्याच जाडीत नायलॉन कितीतरी बळकट, पण ओल्या हातातून निसटतो, उन्हाने कमजोर होतो आणि त्याची साधी गाठ सरकते. हाताने ओढायचं असेल तर जाड सुंभच घ्या. कप्पीवर घासणारा भाग आधी झिजतो. तिथे धागे तुटून वर आलेले दिसताच दोर उलटा करून दुसरं टोक पोहऱ्याला बांधा. पेड अर्धा झिजला असेल तर दोर बदलाच.