दाढ दुखत नाही, एवढ्यावरून तिला वगळू नये

चार महिने फक्त उजव्या नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव, अँटिबायोटिकचे तीन कोर्स, त्याच बाजूच्या वरच्या दाढेचे जुने रूट कॅनॉल. पण दाढ दुखत नाही आणि साधा एक्स-रे स्वच्छ आहे, तेव्हा दाताचा संशय सोडून द्यावा का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते इतक्यात सोडू नये.

वरच्या दाढांची मुळे आणि गालामागच्या सायनसचा, म्हणजे हाडातल्या हवेच्या पोकळीचा, तळ यांच्यामध्ये काही ठिकाणी हाडाचा केवळ पापुद्रा असतो. मुळाच्या टोकाशी झालेल्या पुवाला वर सायनसमध्ये वाट मिळाली की आतला दाब वाढत नाही, म्हणूनच ठणकाही लागत नाही. मी स्वतः यातून गेलो आहे. गार फवारा मारलेला कापसाचा बोळा शेजारच्या दाढेला टेकवताच मी दचकलो. संशयित दाढेवर मात्र तो धरून ठेवला तरी मला काहीच कळले नाही, कारण आतली नस केव्हाच मेली होती.

रूट कॅनॉल झालेल्या दाढेत नस आधीच काढलेली असल्याने ही गारव्याची चाचणी निरुपयोगी असते. तिथे कोन बीम सीटी, म्हणजे दात-जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा स्कॅन, करून घ्यावा, कारण साध्या एक्स-रेत मुळे आणि गालाचे हाड एकमेकांवर येतात. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढच्या, गालाकडील मुळात पुष्कळदा दुसरी बारीक नळी असते व ती साफ करायची राहून गेलेली असू शकते. सायनसचा सीटी आधीच झाला असल्यास दातांच्या मुळांविषयी स्पष्ट अभिप्राय मागून घ्यावा. अहवालात तो बरेचदा नसतोच.

दोष दातातच निघाला, तर नुसत्या अँटिबायोटिकने तो दबतो, जात नाही. रूट कॅनॉल पुन्हा करावे लागते किंवा दाढ काढावी लागते. त्यानंतरही सायनसचा निचरा होत नसेल, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करतात. त्रास फार असल्यास कधी तीच आधी करतात. दाढ काढल्यावर चूळ भरताना पाणी नाकात आले, तर नाक जोराने न शिंकरता डॉक्टरांना लगेच कळवावे.

दाढ निर्दोष ठरली, तरी एकाच बाजूच्या स्रावामागे बुरशीचा गोळा किंवा क्वचित गाठही असू शकते, त्यामुळे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी व्हायलाच हवी. डोळ्याभोवती सूज, अंधुक वा दुहेरी दिसणे किंवा तापाबरोबर मान आखडणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.