मिनार की मनोरा?

जगभरच्या जुन्या मशिदींवरच्या एका मजकुराचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचक भगिनीने विचारलं आहे: "मी सगळीकडे 'मनोरा' लिहिलं, संपादकांनी सरसकट 'मिनार' केलं. बरोबर काय? 'मिनारेट'च ठेवलं तर? आणि तो मिनार की ती मिनार?"

मशिदीबद्दल लिहिताना 'मिनार' लिहावं, असं माझं मत आहे. पण 'मनोरा' चूक नाही. दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत, फक्त मराठीत आल्यावर त्यांनी कामं वाटून घेतली.

मूळ अरबी शब्द 'मनारा'. 'नूर' म्हणजे प्रकाश आणि 'नार' म्हणजे अग्नी, हे शब्द ज्या धातूचे त्याच धातूचा हाही. अर्थ, दिव्याची किंवा आगीची जागा. आपल्या ठाणवईसारख्या दिवा ठेवायच्या खांबालाही तो लागायचा आणि समुद्रकाठच्या दीपस्तंभालाही. हिब्रूतला 'मेनोरा', म्हणजे सात शाखांचा दिवा, याच कुळातला. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, मराठीच बोलतात, तेव्हा त्यांच्या घरात मनोरा आणि मेनोरा ही दोन्ही भावंडं एका छपराखाली नांदत आली आहेत. मला ही गोष्ट फार आवडते.

'मिनार'च्या अर्थात अजानचा, म्हणजे आपण मराठीत जिला बांग म्हणतो तिचा, कुठेच संबंध नाही, हे लक्षात घ्या. बांगेसाठीच्या जागेला अरबीत वेगळा शब्द आहे, 'मिअजना'. मदिनेतल्या पहिल्या मशिदीला मिनार नव्हते. परंपरा सांगते की पैगंबरांचे सोबती हजरत बिलाल उंच छपरावरून बांग देत. दमास्कसची मोठी मशीद खलिफा अल-वलीदने ७०५ ते ७१५ च्या सुमारास बांधली, ती जुन्या रोमन मंदिराच्या आवारात. त्या आवाराच्या कोपऱ्यांवर चौकोनी बुरूज आधीपासून उभे होते, ते तसेच वापरात घेतले गेले. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया या पट्ट्यात आणखी एक शब्द चालतो, 'सौमआ'. त्याचा मूळ अर्थ ख्रिस्ती साधूची एकांतातली खोली! त्या भागातले मिनार बहुतेक चौकोनी असतात. ट्युनिशियातल्या कैरवानच्या मशिदीचा मिनार पाहा: तीन टप्प्यांचा, वर निमुळता होत जाणारा, सुमारे ३१ मीटर उंच आणि किल्ल्याच्या बुरुजासारखा दणकट.

आता इराकमधल्या समाराला चला. तिथल्या नवव्या शतकातल्या मिनाराला 'मलविया' म्हणतात, म्हणजे पिळाचा. उंची ५२ मीटर, आणि चढण्याची वाट आत नाही, बाहेरून वळसे घेत वर जाते. तुर्कस्तानातले उस्मानी मिनार याच्या अगदी उलट, सडपातळ आणि टोकदार. एदिर्नेची सेलिमिये मशीद (१५६८ ते १५७५) हे वास्तुकार सिनानचं काम. तिचे चारही मिनार ७० मीटरच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या दोघांच्या पोटात तीन-तीन स्वतंत्र गोल जिने आहेत, प्रत्येक जिना वेगळ्या सज्ज्यात उघडणारा. एवढ्या बारीक खांबात तीन जिने एकमेकांना न भेटता कसे चढवले असतील, याचं नवल मला दर वेळी वाटतं. चौकोनी बुरूज, पिळाचा सुळका आणि हे सडपातळ खांब, तिन्ही एकाच नावात मावतात, कारण त्या नावात आकार सांगितलेलाच नाही.

मजकुरात स्पेनमधलं सेव्हिया शहर आलं, तर मात्र तुम्हाला दोन्ही शब्द लागतील. तिथला ला हिराल्दा बाराव्या शतकाच्या अखेरीस मशिदीचा मिनार म्हणून बांधला गेला. आज तो कॅथीड्रलच्या घंटांचा मनोरा आहे. स्पॅनिशमध्येही मिनाराला 'अल्मिनार' म्हणतात, अरबीतलं 'अल' पुढे चिकटून राहिलं आहे.

मशीद म्हटली की मिनार हवाच, असं समजून अनुवादात तो घुसवू नका, एवढी मात्र विनंती. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली १३६७ ची जामा मशीद पाहा. उंच मिनार नाहीत, मधलं मोकळं अंगणही नाही, सगळी इमारत घुमटांखाली झाकलेली. उलट दौलताबादचा चांदमिनार मशिदीचा भाग म्हणून नव्हे, तर विजयस्तंभ म्हणून ओळखला जातो. तो पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाहाने उभारला. आणि मोगल इमारतींच्या माथ्यावर जे बारीक, न चढता येणारे शोभेचे सुळके दिसतात, त्यांना 'छोटे मिनार' म्हणण्यापेक्षा 'गुलदस्ता' हा त्यांचा स्वतःचा शब्द वापरा.

'मनोरा' मराठीत धर्माच्या आणि दगडाच्याही पलीकडे गेला. दहीहंडीत गोविंदा मानवी मनोरे रचतात, विजेच्या तारांचे मनोरे शेतांतून उभे असतात. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे यांनी नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून कोरोमंडल किनाऱ्यावर १८१४ च्या सुमारास आठ मजली, षट्कोनी इमारत बांधली, तिचं नावच 'मनोरा' आहे. तमिळ मुलखातही लोक तिला याच नावाने ओळखतात. शब्द इतका पसरल्यामुळे 'मशिदीचा मनोरा' म्हटलं की नुसती उंच वास्तू कळते, 'मिनार' म्हटलं की परंपरा कळते. म्हणून संपादकांचा बदल मला मान्य आहे, पण सरसकट नव्हे.

'मिनारेट'ची गरज नाही. तो इंग्रजीत फ्रेंचमधून गेला, फ्रेंचमध्ये तुर्की 'मिनारे'वरून. जो शब्द फार्सीच्या वाटेने शतकांपूर्वीच आपल्याकडे आला आहे, तो युरोपला वळसा घालून पुन्हा कशाला आणायचा?

लिंगाचं म्हणाल तर मराठीत तो मिनार, पुल्लिंगी. 'ती मिनार' ही हिंदीची छाया आहे, हिंदीत मीनार स्त्रीलिंगी चालते आणि 'मी'ही दीर्घ लिहितात. आपण 'मि' ऱ्हस्वच लिहावा. अनेकवचन तेच राहतं, एक मिनार, चार मिनार, पण प्रत्यय लागताना मिनाराचा, मिनारावर, मिनारांमधून. 'मनोरा' मात्र 'वारा'सारखा चालतो: मनोरे, मनोऱ्याचा, मनोऱ्यांवर. विशेषनामात 'कुतुबमिनारचा' असं सामान्यरूप न करता लिहिलेलंही आढळतं आणि ते कानाला खटकत नाही. मजकुरात कुठलंही एक रूप धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.