तारांना हात लावला की बास गिटारची भणभण कमी होते, मग पिकअप बदलावे का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात भाड्याच्या खोलीत राहता, बास दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची, म्हणजे तारांची कंपनं उचलणाऱ्या दोन चुंबकांची, जॅझ बास या मॉडेलच्या धाटणीची आहे, अँप सुरू केला की भणभण येते आणि तारांवर हात ठेवला की बरीच कमी होते. दुकानदार म्हणतो पिकअप बदला. माझं ऐकाल तर आत्ता पिकअपवर एक रुपयाही घालू नका.

हात लावल्यावर आवाज कमी होतो याचा अर्थ तारा, ब्रिज (तारा बांधलेली धातूची पट्टी), ब्रिजखालची ग्राउंडची वायर, जॅक आणि केबल हा सगळा मार्ग अँपपर्यंत शाबूत आहे. खोलीतल्या वायरिंगचा नॉइज तुमचं अंग अँटेनासारखं पकडतं आणि बास पोटाशी धरलेली असल्यामुळे तो थेट पिकअपपर्यंत पोचतो. तारांना स्पर्श झाला की अंग ग्राउंडला जोडलं जातं आणि तेच आडोसा बनतं. म्हणजे तुमच्या बासला शिल्डिंग (नॉइज अडवणारं धातूचं अस्तर) कमी आहे, बिघाड नाही. उलट, हात लावल्यावर आवाज वाढला असता तर जॅकवरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्यात का, ते आधी पाहायला सांगितलं असतं. आणि बोटांना झिणझिण्या येत असतील तर बास लगेच खाली ठेवा.

आता बासचे व्हॉल्यूम पूर्ण शून्य करा. तरीही आवाज तसाच राहिला तर तो केबलचा, अँपचा किंवा विजेच्या बोर्डाचा आहे, बासचा नाही. गेला, तर पुढे वाचा.

कान लावून आवाजाचा सूर ओळखा. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि सर्वांत जाड ई (E) तारेचा तिसरा फ्रेट (मानेवरची आडवी पट्टी) दाबला की येणारा सूर ४९ हर्ट्झचा. गुणगुण त्या सुराच्या अगदी जवळ, खोल आणि गोल वाटली तर पिकअप एखाद्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा मोटरचं चुंबकीय क्षेत्र उचलतोय. सर्वांत बारीक ‘जी’ (G) तार मोकळी वाजवली की ९८ हर्ट्झची असते; त्या सुरात गुणगुण असेल आणि बासचे व्हॉल्यूम बंद केल्यावरही राहत असेल, तर संशय अँपच्या पॉवर सप्लायवर घ्या. माशीसारखी खरखरीत भणभण बहुधा रेग्युलेटर, डिमर, एलईडी दिवे किंवा चार्जरची असते.

चुंबकीय गुणगुण ओळखायला बास गळ्यात घालून जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा होईल. त्यावर तांब्याच्या टेपचा उपयोग नाही. तिथून लांब बसा, किंवा दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम सारखेच पूर्ण उघडा. बहुतेक जॅझ बासमध्ये एका पिकअपचं वेटोळं उलटं असतं, त्यामुळे दोघांची गुणगुण एकमेकांना खोडते. एकाचं व्हॉल्यूम थोडंसं जरी उतरवलं, तरी ती परत येते.

आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय बसणं शक्य नाही, हे मला ठाऊक आहे. पण एकदा पाच मिनिटं कूलर, पंखा, ट्यूबलाइट आणि मोबाइलचा चार्जर एकेक करून बंद करा. मी नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात राहत असताना तीन आठवडे बास उघडून बसलो होतो आणि दोनदा पॉट (व्हॉल्यूमच्या खुंटीखालचा भाग) बदलले. शेवटी कळलं की अर्धा आवाज पंख्याच्या रेग्युलेटरचा होता, आणि उरलेल्याचं कारण बोर्डाचं तिसरं छिद्र, ज्याच्या मागे वायरच नव्हती. इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून घ्या: फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला लावा. आपली काळी माती भेगाळून कोरडी पडली की अर्थिंग कमकुवत होतं.

आवाज घालवायला अँपच्या प्लगची तिसरी पिन तोडणारे भेटतील. कृपा करून तसं करू नका. पिन तोडल्यावर अँपमध्ये शॉर्ट झाला, तर २३० व्होल्ट तारांवर येतात, आणि तुमचा एक हात तारांवर असतानाच ओठ माइकला लागलेले असू शकतात. इथे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. त्यामागेही बरेचदा हेच, नसलेलं अर्थिंग असतं.

खोली निस्तरली, की बासला शिल्डिंग करा. सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तांब्याची टेप विचारा. तिचा गोंदही वीज वाहणारा हवा, हे विचारूनच घ्या. कंट्रोलच्या आणि पिकअपच्या खोबणींना आतून टेप लावा, झाकणाच्या आतल्या बाजूलाही. तुकडे एकमेकांवर चढवा, सांध्यांवर सोल्डरचा एकेक थेंब द्या आणि सगळं एका वायरने पॉटच्या पाठीला जोडा. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने पॉटची पाठ पुरेशी तापत नाही, ४० ते ६० वॉटचं घ्या. जॅकची टोकाची पत्ती टेपला टेकली तर आवाजच बंद होईल, म्हणून तिथे इन्सुलेशन टेप लावा. शेवटी मीटरवर ब्रिजपासून जॅकच्या बाहेरच्या कडीपर्यंत बीप येते का बघा.

कूलर बंद केल्यावर काय फरक पडला आणि गुणगुण कोणत्या सुराची निघाली ते कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.